सावड विकणे आहे

“सावड आत्ता विकू नका हो सगुणाताई, चारनंतर भाव चढणारे, मग विका,” असं जहिदा फोनवर कुणाला तरी म्हणाली, आणि मी दोन्ही हात वर केलेले तशीच उभी राहिले. नाशिकरोडच्या तिच्या दुकानात मी ब्लाउजचं माप द्यायला गेले होते. तिने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला, टेप माझ्या पाठीमागून फिरवून पुढे आणलेली. “बाई, श्वास सोडा,” ती म्हणाली. मला सोडता येईना. वाक्यात चूक काहीच नव्हती. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी होतं. पण उभ्या आयुष्यात त्या शब्दापुढे ते क्रियापद मी ऐकलं नव्हतं. सावड करतात, सावडीला जातात, सावड फेडतात. एखादा नतद्रष्ट बुडवतो. पण विकतात? आज तू माझ्या रानात राबायला ये, उद्या मी तुझ्या रानात येते, एवढीच ती गोष्ट. तिला ना पिशवी ना वजन. ती विकायची म्हणजे नेमकं काय उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायचं? आणि गंमत बघा, जहिदाच्या तोंडी तो शब्द घातला होता मीच.

माझं काम लोकांना सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. मी चांगुणा, आजीचं नाव वडिलांनी हौसेने ठेवलं आणि निस्तरते आहे मी. इंदिरानगरच्या एका रो-हाउसमध्ये बसून आम्ही ‘शिवार’ नावाचा गेम बनवला. त्यातलं अर्थकारण मी आखते, म्हणजे काय पिकेल, काय खपेल, कुणाला कशाची गरज पडेल, हे सगळं माझ्याकडे. गेम ब्लॉकचेनवर चालतो. खेळणाऱ्याने कमावलेली वस्तू आमच्या कपाटात नसते. तिची नोंद जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरांवर त्याच्या नावाने असते, आम्ही उद्या दुकान बंद केलं तरी ती त्याचीच. गेममध्ये प्रत्येक खेळणाऱ्याचं एक शेत आणि एक बैल असतो; बैल दुसऱ्याच्या शेतात नेऊन काम केलं की एक सावड मिळते. हेच आमचं टोकन. नाव सुचवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मी तर फुशारून गेले होते. आज चार वाजता एक मोठा बाजार, जिथे जगभरची टोकनं विकली जातात, सावडीचं लिस्टिंग करणार होता. अट एकच. नियम बदलायच्या ज्या दोन चाव्या आहेत, एक माझ्याकडे आणि एक सार्थककडे, त्या आम्ही दोघांनी सही करून कायमच्या नष्ट करायच्या. चारनंतर प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी नियम हलला नसता. आणि सही करायची असं काल माझं ठरलेलं होतं.

“तुम्ही खेळता का हा गेम?” मी जहिदाला विचारलं. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी मी उतरत्या खांद्यांचं एक गिऱ्हाईक. “खेळतं कोण, बाई!” ती हसली आणि मशीनच्या वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे तडकलेल्या काचांचे जुने फोन ओळीने चार्जिंगला लावलेले, समोर टेबलफॅन. प्रत्येक काचेवर माझा बैल चालला होता. कुणी हात लावत नव्हतं आणि बैल आपले इकडून तिकडे. “भाच्याने, उमरने काहीतरी टाकून दिलंय त्यात, आपोआप चालतं. हा फोन त्याच्या शेतात जातो, तो फोन याच्या शेतात. दिवसभर सावड पडत राहते. मी फक्त पंखा लावते, तापतात म्हणून.” मी विचारलं, शेतात पेरलंय काय? तिने टेप गळ्यात टाकली आणि खरोखर विचारात पडली. “बघितलं नाही कधी. बघायचं असतं का?” मग मी विचारलं, घेतं कोण हे? म्हणाली, घेणारे आहेत ना, ते पुढे विकतात. आणि ते? “तेही पुढेच विकत असतील. मागे कोण विकतं?” यावर आम्ही दोघीही हसलो. मला तिचा राग आला नाही, हे मुद्दाम सांगते. बाई सरळ होती, कामाला चोख होती, आणि आम्ही जे दार उघडं ठेवलं त्यातून ती आत आली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो त्या क्रियापदामुळे. माप झाल्यावर ती म्हणाली, तुम्हीही घेऊन ठेवा थोडी, चारच्या आत. मी बरं म्हटलं आणि स्कूटीला किक मारत सुटले, बटन स्टार्ट आहे हे विसरून.

द्वारकेच्या बाजूला ट्रकांची ही रांग. मागे वळलं असतं तर एकलहऱ्याची धुराडी दिसली असती. तिथल्या कॉलनीत मी वाढले. बाबा वीज केंद्रात होते, पाळीवरून आले की चहाबरोबर त्यांचं एकच पुराण: वीज बनवणं सोपं आहे पोरी, ती खपवणारं घर लागतं, खप उतरला की आम्हाला संचातून निघणारी वीज उतरवावी लागते. मला तेव्हा कंटाळा यायचा. आज हेल्मेटच्या आत तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला आणि डोक्यात तिडीक गेली, बाबांवर नाही, माझ्यावरच. सुट्टीत आई आम्हाला मामाकडे सिन्नरच्या बाजूला पाठवायची. गव्हाच्या सोंगणीचे दिवस असायचे. लंकाबाई, माझी मामी, विळा कमरेला खोचून भल्या सकाळी निघायची आणि मला उठवायची, “चल गं, सावडीला जायचंय.” दुसऱ्याचं रान असलं तरी ती तशीच वाकायची, तशीच मुठीत काड्या धरायची, तसाच सरसर आवाज. माझ्या हाताला कुसं टोचायची, मानेवर घाम आणि भुसा एकत्र चिकटायचा. दुपारी बांधावर भाकरी, आणि ज्यांचं रान त्यांच्या घरचं कालवण. कालवणाला नावं ठेवायची पद्धत होती. नावं ठेवली नाहीत तर घरधनीण रुसायची, म्हणजे आता आम्ही परके का?

त्या बायकांमध्ये एक सिंधुबाई होती. मामीची जिवाभावाची. मामी तिच्या रानात राबून आली आणि मग आमच्या गव्हाची पाळी आली, तर सिंधुबाई आलीच नाही. तिच्या नवऱ्याने सिन्नरला दुकान टाकलं होतं, ती तिकडे राहायला गेलेली. तिने कुणाबरोबर तरी पैसे पाठवले, दिवसाची मजुरी, वर थोडे जास्तच. मामीने ते हातातही घेतले नाहीत. आणणाऱ्याला म्हणाली, “मी काय मजूर हाय का तिची? मी गेले ती तिच्यासाठी गेले. मला ती पायजे हाय, तिचे पैसे नाय.” मामाने समजावलं, अगं काम झाल्याशी मतलब. तर मामी त्याच्यावरच उखडली, “तुला कळत नाय तर गप ऱ्हाय.” मग ती एकटी सोंगत राहिली, रडतही होती आणि विळाही चालत होता. मी जवळ उभी, मला वाटलं विळा लागला. कुठं लागलं, असं विचारलंही मी तिला. पुढे ती सिंधुबाईशी बोलली की नाही मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या पैशांना कुणी हात लावायला तयार नव्हतं आणि ते ओट्यावर एका गोट्याखाली पडून राहिले होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं ठाऊक असून तूच ती विकाऊ कशी केलीस? नव्हती केली हो. इथेच तर सगळी मेख आहे. आमच्याकडे सावडीला बदली चालते. मामीला ताप आला तर मामा जातो, मामाला तालुक्याला जायचं असलं तर पोरगा जातो; माणूस बदलला तरी सावड फिटते. एका चुलीवरचं कुणीही चालतं. हे मी इतकं गृहीत धरलेलं, की गेम आखताना पहिल्याच दिवशी लिहून टाकलं: सावड दुसऱ्याच्या नावे करता यावी. गावाकडच्या कुणालाही यात वावगं वाटलं नसतं. बाहेरचा एखादा असता तर त्याने आधी विचारलं असतं, दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या? आम्हाला विचारायची गरजच वाटली नाही, कारण ‘दुसरा’ म्हणजे घरातला, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. ब्लॉकचेनला कुठली चूल नि कुठलं काय. तिथे भावाला देणं आणि अनोळख्याला विकणं ही एकच क्रिया आहे, त्याच एका ओळीत लिहिली जाते. नावे करता येते म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला भाव फुटला. भाव फुटल्यावर माणसं आली, माणसांच्या मागून फोन आले, फोनांवर पंखे आले. आणि आम्ही भावाचा तक्ता वर जाताना बघून पेढे वाटले! मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू, चांगला होता.

रो-हाउसच्या दारात चपलांचा ढीग होता. आत सार्थक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला, चार वाजता फोटो काढायचा म्हणून. सार्थक नामपूरचा, घरचा कांद्याचा व्यापार, इंजिनियरिंगला आम्ही एका बाकावर होतो. शेजारी बुद्धभूषण, आमचा कोड लिहिणारा, कानात हेडफोन. “मी सही करणार नाही,” मी म्हटलं. हेल्मेट डोक्यात असल्यामुळे कुणाला ऐकूच गेलं नाही. ते काढून परत म्हटलं. सार्थक आधी हसला, मग माझं तोंड बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “येडी शे का तू?” तो म्हणाला. चिडला की त्याची अहिराणी बाहेर येते. “काय करी राहिनी तू, चांगुणा? माणसं वाट बघतायत. मी घरी सांगून बसलोय.” मी म्हटलं, नुसती सही नाही असं नाही, आज नियमच बदलायचा. सावड एका चुलीबाहेर जाणार नाही. प्रत्येकाने आपली चूल आधी सांगायची, चारसहा माणसांची, आणि देवाणघेवाण तेवढ्यातच. आणि हंगाम संपला की न वापरलेली सावड गेली. तो कोड तयार होता. गेल्या महिन्यात शंका आली म्हणून मी बुद्धभूषणकडून लिहून घेतला होता आणि भाव पडेल म्हणून तिघांनी मिळून तो बासनात गुंडाळून ठेवला होता.

“भाव आहे म्हणून लोक आहेत,” सार्थक म्हणाला. “भाव गेला की कोण थांबणार तुझे बैल बघायला?” मी म्हटलं, कुणीच नाही थांबलं तर आपल्याकडे गेम नव्हताच, आजच कळू दे. बुद्धभूषणने हेडफोन काढला. “कुणी थांबलं नाही तर मग खरंच सावडायला जावं लागेल,” तो म्हणाला, “तिसऱ्या दिवशी, मडकं घेऊन.” दुसऱ्या कुठल्या वेळी मी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. आत्ता घातला नाही. कारण तसं होऊ शकत होतं. माझी कित्येक महिन्यांची मेहनत, झोप, लग्नाला नाही म्हटलेली दोन स्थळं, सगळं त्या एका मडक्यात. मला भीती वाटत होती, आणि तरी आतून एक गोष्ट अजिबात हलत नव्हती. लंकामामी वाकून सोंगत राहिली होती तशी ती होती, रडं वेगळं आणि हात वेगळा.

मी सार्थकला विचारलं, “नामपूरला तुझे वडील कांदा घेतात. ते पुढे पाठवतात, तो पुढे पाठवतो. शेवटी काय होतं त्याचं?” “काय होतं म्हणजे? खातात.” “आणि नाही विकला गेला तर?” “कोंब येतात. सडतो.” “मग सावड कोण खातं, सार्थक? आणि ती सडते कधी?” सार्थक म्हणाला, ज्यांनी विकत घेऊन ठेवलीये ते शिव्या घालतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. हे मात्र खरं होतं. जहिदाचा हसरा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हटत नव्हता. भाव चढणार म्हणून ती सगुणाताईला थांबवून बसली होती. मी म्हटलं, ज्याने जेवढ्याला घेतली तेवढे त्याला परत. नफा नाही, पण घातलेलं बुडणार नाही. कंपनीची गंगाजळी त्यात जाईल. नाही पुरली तर माझा हिस्सा धर, मी त्याच्यावर पाणी सोडलं. हे बोलायला जड गेलं, कारण त्या हिश्श्यात मी मनातल्या मनात पाथर्डी फाट्याला गॅलरीसकट एक घर बांधून बसले होते, कुंड्याही मांडल्या होत्या.

सार्थक उठला, बसला, पुन्हा उठला. “एकदा बघू दे,” तो म्हणाला आणि त्याने मोठ्या स्क्रीनवर गेम उघडला. गेम, तक्ता नाही. मला आठवेना, आम्ही तिघांनी मिळून तो शेवटचा कधी उघडला होता. रोज सकाळी तक्ता उघडायचो. शिवारात ऊन पडलेलं होतं, आम्हीच पाडलेलं. बांध, बाभळी, विहिरी, सगळं हौसेने काढलेलं. आणि त्यातून बैलच बैल. एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, गर्दी नुसती. सार्थक शेतामागून शेत बघत गेला. तो व्यापाऱ्याचा मुलगा. गोणीत हात घालून बघायची सवय रक्तात. “अरे, इथं तर पेरलेलंच नाही काही,” तो म्हणाला. पुढच्या शेतात बघितलं. तिथेही नाही. दुसऱ्याच्या शेतात गेलं की सावड मिळत होती, मग शेतात पीक असो नसो. आणि पेरायचं तर बसून वेळ द्यावा लागतो, तो कोण देणार? पडीक रानात हजारो बैल राबत होते. अधूनमधून, फार लांबलांब, एखादा हिरवा तुकडा. सार्थकने माउस सोडला. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची कीव आली. “हा तर रिकाम्या गोण्यांचा लिलाव शे,” तो अगदी हळू म्हणाला. मग बुद्धभूषणला म्हणाला, “तिचा कोड काढ.”

सही करायची म्हणजे काय असतं, तर पडद्यावर एक चौकट येते आणि तुम्ही तिच्यावर बोट ठेवता. माझं बोट घामाने ओलं होतं, चौकटीने ते ओळखलं नाही. ओढणीला पुसून परत ठेवलं. मग सार्थकने ठेवलं, डोळे मिटून, लहान मूल कडू औषध पितं तसं. जुना व्यवहार त्याच क्षणी थांबला. मग जे व्हायचं ते झालं. फोन सुरू झाले. लिस्टिंगवाल्यांचा आला, सार्थकने तो उचलला आणि एकटाच गच्चीवर जाऊन ऐकून घेतला. ग्रुपवर शिव्यांचा पाऊस. माझ्या आईबहिणींचा उद्धार परदेशी भाषांमध्येही झाला, बुद्धभूषणने भाषांतर करून दाखवायची तयारी दाखवली. पैसे परतीचा मजकूर मी स्वतः लिहिला आणि ज्याला त्याला पाठवत बसले. काहींनी उलट टपाली थू म्हटलं. वाचलं सगळं. त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. मला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण पश्चात्ताप शोधायला गेले तर तो सापडेना. स्क्रीनवर बैल कमी होत गेले. जत्रा उठते तसं शिवार मोकळं झालं. उन्हं उतरेपर्यंत बांध दिसायला लागले, जे आम्ही काढले होते हेच मी विसरले होते.

सार्थक गच्चीवरून आला तेव्हा त्याचा शर्ट चुरगळला होता. “उरलं का कोणी?” त्याने विचारलं. पार पलीकडे, विहिरीच्या अंगाला, एक बैल अजून चालत होता. नाव होतं ‘आरोहीची आई’. “बॉट असेल, आपोआप चालणारा, बंद करायचा राहिलेला,” बुद्धभूषण म्हणाला. पण बैल ज्या रानात होता तिथे गहू उभा होता, आणि बाई तो सोंगत होती, ओळीने, कडेपासून. मला राहवेना. मी गेमच्या बोलण्याच्या खिडकीत लिहिलं: ताई, सावड आता विकता येत नाही, तुम्हाला कळलं ना? मग उत्तर आलं: “कळलं. सगळे ओरडत होते. पण पुंजाभाऊंनी परवा माझं अर्धं रान काढून दिलं होतं, त्यांची सावड फेडायची राहिलीये. तेवढी फेडते आणि मी पण जाते.”

आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो. ती सोंगत होती आणि आम्ही बघत होतो. जाते म्हणाली होती. म्हणजे अर्धं झालं की जाणार, आणि मग शिवारात आम्हीच तिघं. अर्धं झालं. मी डोळे मिटले. उघडले तर ती पुढच्या ओळीत होती. मग त्याच्या पुढच्या. बहुतेक हाताला लय लागली होती तिच्या, किंवा अर्धवट टाकून जाणं बरं वाटलं नसेल, कोण जाणे. अख्खं रान झालं. शेवटची पेंढी बांधून ती बांधावर उभी राहिली आणि तेवढ्यात दुसरा बैल विहिरीशेजारी उगवला. पुंजाभाऊ. त्यांनी रानभर एक चक्कर मारली, आणि खिडकीत अक्षरं उमटायला लागली: “अहो ताई, सगळंच कशाला काढलंत? मी तर तुमचं अर्धंच केलं होतं. हे काय बरं नाही केलं तुम्ही. आता उद्या मला यावं लागणार ना परत तुमच्याकडे.”

सार्थकने ते दोनदा वाचलं. “चिडला का गं तो?”

“चिडला,” मी म्हटलं. “उद्या येणार बघ.”